वाजत राहिलेला टाळ

(लोणंद मुक्कामी झालेल्या कीर्तनातून)

माऊली, मघाशी समाजआरतीला तुम्ही सगळे तळावर होतात. पालखी मधोमध, भोवती दिंड्या गोल उभ्या. चोपदारांनी चोप उंच केला आणि हजारो टाळ एका दमात गप्प झाले. अशी शांतता, की शेजारच्याचा श्वास ऐकू यावा. आणि त्या शांततेत डाव्या अंगाला एका दिंडीचा टाळ वाजतच राहिला. नव्या माणसाला वाटतं, काय ही माणसं, यांना शिस्त नाही! जुना वारकरी ओळखतो, यांचं काहीतरी गाऱ्हाणं आहे. चोपदार तिकडं चालत गेले, ऐकून घेतलं. पाण्याच्या टँकरचं काहीतरी होतं. मार्ग निघाला, टाळ थांबला. मग हरवलं-सापडलं सांगून झालं, उद्या पालखी कधी हलणार ते सांगून झालं, आणि मग आरती. हैबतबाबांनी सोहळ्याला शिस्त लावली हे आपण मोठ्या अभिमानानं सांगतो. त्या शिस्तीत गाऱ्हाण्यालाही जागा आहे, हे मात्र सांगायचं राहून जातं.

आज मी तुम्हाला हे का सांगतोय? सांगतो. आधी मला सांगा, या मंडपात किती जणांची पोरं शहरात कॉलेजला आहेत? हात वर करा. बघा, निम्मा मंडप! आणि त्या कडेला नव्या कोऱ्या टोप्या घालून पंधरा-वीस पोरं बसलीत, ती दोन दिवसांसाठी चालायला आलेली दिसतात. बरं झालं आलात. आजचं कीर्तन तुमच्यासाठी आहे.

माझा एक पुतण्या आहे. नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. दहावीला गावात पहिला, बारावीला तालुक्यात वरचा. पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा आम्ही गावजेवण घातलं होतं. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं राहायचे. पहिले दोन महिने रोज फोन, पुढं आठवड्याला एक. पुढं पुढं आपणच करायचा आणि तिकडून तीनच शब्द, 'सगळं ठीक आहे.' आम्ही खूश! पोरगं अभ्यासात बुडालंय म्हणून.

पुण्यात माझं कीर्तन होतं, रात्री मुक्कामाला त्याच्याकडं गेलो. दुपारी बाराला सुद्धा पोरगं झोपलेलं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. रात्रभर जागायचा, मोबाईल हातात, पुस्तक उघडं. मेसचा डबा? म्हणाला, 'खाडा टाकलाय काका.' आठवड्यात चार खाडे! खाड्याचे पैसे वाचवायचे, आणि वडापाव न् चहावर दिवस काढायचा. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले होते. घरी कुणाला पत्ता नाही.

आता मी काय केलं ऐका. मी कीर्तनकार माणूस! मी त्याला तासभर सुनावलं. बापाचे कष्ट सांगितले, आईचं मोडलेलं मंगळसूत्र सांगितलं, निश्चयाचं बळ सांगितलं. दृष्टांतांवर दृष्टांत. तो खाली मान घालून 'हो काका, हो काका' म्हणत होता. मला वाटलं, काय सुंदर कीर्तन झालं! त्याला काय झालंय, हे मी एकदाही विचारलं नाही. लोकांना रडवणारा मी, पण समोरच्या पोराचे डोळे कोरडे पडलेत हे मला दिसलं नाही. विठ्ठल विठ्ठल.

त्याच वर्षी आषाढीला पालखी पुण्यात आली. त्याला म्हटलं, चल, सासवडपर्यंत तरी चल. आला. पुणे ते सासवड ही आपल्या वाटेतली सगळ्यात लांब चाल, त्यात दिवेघाट. घाटात त्याच्या पायाला फोड आले. आमच्या दिंडीतल्या एका आजींनी त्याला खाली बसवलं, सुई-दोरा काढला, फोडातून दोरा ओवला, पाणी काढलं, तेल लावलं आणि म्हणाल्या, 'पायाकडं बघत जा रे बाबा, पांडुरंग काय पळून चाललाय?'

संध्याकाळी सासवडच्या तळावर समाजआरती. चोप वर गेला, टाळ थांबले, आणि एका दिंडीचा टाळ वाजत राहिला. त्यानं मला विचारलं, 'काका, ते का थांबत नाहीत?' मी सांगितलं. तो काही बोलला नाही. रात्री तंबूत सगळे निजल्यावर हलकेच म्हणाला, 'काका, मला तिथं काही कळत नाही. सर इंग्रजीत भरभर शिकवतात, मी नुसतं लिहून घेतो. विचारायची लाज वाटते. कधी कधी वाटतं, मी नसलो तर बाबांचे पैसे तरी वाचतील.'

माऊली, अंगावर काटा आला माझ्या. एवढे महिने ते पोरगं टाळ वाजवत होतं. रात्रीचं जागरण, जेवणाचे खाडे, तीन शब्दांचा फोन, हाच त्याचा टाळ होता. आणि चोपदार म्हणून गेलेला मी, त्याला उपदेश करून परत आलो होतो.

त्या रात्री मी उपदेश केला नाही. एवढंच म्हणालो, 'बाबांना काय सांगायचं ते माझ्यावर सोड. तू असायला पाहिजेस. विषय राहिले तर राहिले.' मग तो रडला. पहाटेपर्यंत बोलत होतो आम्ही.

पोरांनो, आता तुमच्याशी बोलतो. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट. ही वाट शेवटच्या दोन दिवसांत कुणी चाललंय? आणि तुम्ही मात्र सगळं सेमिस्टर परीक्षेच्या आदल्या दोन रात्रींत चालायला बघता! वारीत रोजची चाल ठरलेली, दुपारचा विसावा ठरलेला, रात्रीचा मुक्काम ठरलेला. आणि सासवडची मोठी चाल झाली की माऊली तिथं दोन रात्री थांबतात. अवघड पेपर झाला, मोठं सबमिशन झालं, तर एक दिवस थांबा. तो दिवस वाया गेला म्हणू नका, पुढची चाल त्याच्याच जोरावर होते.

इटलीत एक विद्यार्थी होता. त्याचंही तुमच्यासारखंच, अभ्यासाला बसवेना. त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ घेतलं आणि ठरवलं, हे वाजेपर्यंत उठायचं नाही. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विसावा. आता जगभर ती रीत चालते, तिचं नावच पोमोडोरो, म्हणजे त्यांच्या भाषेत टोमॅटो. हसू नका! चोपदाराच्या चोपाचं काम त्या टोमॅटोनं केलं. पण त्या पंचवीस मिनिटांत मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. उशाशी पालथा घातला म्हणजे झालं, असं नाही.

आणि अभ्यास कसा करायचा? मी आळंदीत शिकलो. ओवी दहा वेळा वाचली की मला वाटायचं, आली. गुरुजी म्हणायचे, 'पोथी मिट आणि म्हण.' मिटली की सगळं उडून जायचं! मग तीच आज, तीच उद्या, तीच आठ दिवसांनी, पोथी मिटूनच म्हणायची. अशी पाठ झालेली आज तीस वर्षांनी सुद्धा तोंडात आहे. तुम्ही पुस्तकावर रंगीत पेनानं रेघा मारता, पान पिवळंधमक होतं, डोकं कोरंच. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग उघडून चुकलेलं बघा. त्रास होतो, पण त्या त्रासातच ते पक्कं होतं.

झोपेचं तर विचारूच नका. दिवसा वाचलेलं डोक्यात नीट बसवायचं काम झोपेतच होतं. डॉक्टर मंडळी मोठ्या माणसाला किमान सात तास सांगतात. रात्रभर जागून पेपरला जाणं म्हणजे शेत पेरून रात्रीच उकरून बघणं. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग्याला सुद्धा खाण्याचं आणि झोपेचं माप घालून दिलंय. योग्याची ही गत, तिथं सेकंड इयरवाल्याची काय कथा! मेसला खाडा टाकायचा तो गावी जाताना. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेवढं आधी ठरवून ठेवा. पैशाची ओढ असेल तर उपाशी राहू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं पुणे विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे. कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात जाऊन विचारा. तिथं काम करून शिकण्यात कमीपणा नाही.

पुतण्याचं पुढं काय झालं? परत गेल्यावर तो वर्गशिक्षकांकडं गेला. बऱ्याच कॉलेजांत वीस-पंचवीस पोरांमागं एक शिक्षक नेमलेले असतात, त्यांना भेटायचं असतं हेच पोरांना माहीत नसतं. त्यांनी त्याला मराठीत दोन धडे समजावले आणि कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडं पाठवलं. तिथं तो चार महिने जात होता. आमच्या घरात कुजबुज झाली, 'वेडा झालाय का?' मी म्हटलं, पायाला फोड आला तेव्हा आजींकडं गेला, तेव्हा कुणी वेडा म्हणालं नाही. दोनपैकी एक विषय त्या वेळी सुटला, दुसरा पुन्हा राहिला. तो पुढच्या खेपेला सुटला. आता शेवटच्या वर्षाला गेलाय. पहिला वगैरे येत नाही हं. पण जेवतो, झोपतो, आणि वाईट वाटलं तर सांगतो.

ज्याला तंबूत सांगायला काका नाही, त्यानं एक नंबर लिहून घ्या: १४४१६. टेलिमानस म्हणतात त्याला. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री सुद्धा उचलतात, मराठीत बोलता येतं. आत्ता घ्या लिहून, मी थांबतो.

आणि आई-बापहो, कीर्तन सुटल्यावर पोराला फोन लावा. अभ्यास कसा चाललाय, असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. आज मेसला भाजी काय होती, ते विचारा. सांगता आलं नाही, तर समजा जेवला नाही. मग गप्प बसा आणि ऐका. पुढचं तोच सांगेल, पण लगेच नाही सांगणार. थोडा वेळ लागतो.

मीही लावणार आहे. परवा विचारलं तर म्हणाला, 'दोडका होता काका, रोजच दोडका.' किती गोड तक्रार!

उद्या चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण आहे, लवकर उठायचंय. चला, अभंगाकडं वळू. टाळकरी, घ्या.