हाताची जखम कुणाच्या हिशेबात?
(होटगी, ता. दक्षिण सोलापूर येथील बैठकीतील भाषण)



ज्वारीचा, कापसाचा उत्पादनखर्च आपण नेहमी मांडतो. बी, खत, औत, मजुरी सगळं धरतो. पण वेचणीत बोंडाचं टोक बोटात घुसतं, ज्वारी उपटताना तळहात चिरतो, बाभळीचा काटा आत मोडतो. त्याची किंमत कुठल्याच कागदावर येत नाही.

मातीत, वाळल्या काट्यावर बुरशी असते. काट्याबरोबर ती कातडीखाली जाते. जखम भरते, आपण विसरतो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथं गाठ येते. ती बहुधा दुखत नाही, आणि इथंच माणूस फसतो. पुढं सूज वाढते, भोकं पडतात, पू आणि बारीक कण बाहेर येतात. शेवटी हाड पोखरलं जातं. हा मायसेटोमा. पायाला जास्त होतो, पण हातालाही होतो.

साताऱ्याला सिव्हिल सर्जन राहिलेल्या डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८७४ साली या रोगावर पुस्तक लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं तो दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला २०१६ साली. मध्ये १४२ वर्षं गेली! रोगी अनवाणी कष्टकरी होता. घाई कुणाला असणार?

कण काळे असले तर बहुधा बुरशी. पांढरे-पिवळे असले तर बुरशी किंवा जिवाणू, काहीही असू शकतं. दोन्हींची औषधं वेगळी. म्हणून गाठीचा तुकडा तपासून घ्या. बुरशीला इट्राकोनॅझोलच्या गोळ्या कित्येक महिने, कधी वर्षभर लागतात, कधी शस्त्रक्रियाही. हातावर माळेसारख्या गाठी चढत गेल्या तर ती वेगळी बुरशी असू शकते. तीही गोळ्यांनी बरी होते. नायट्याचं मलम गाठीपर्यंत पोचत नाही, आणि स्टेरॉइडचं मलम म्हणजे बुरशीला खतच.

जखम झाली की साबण आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. काटा पूर्ण काढा. माती, शेण, तंबाखू लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या. पऱ्हाटी उपटताना, काटे ओढताना हातमोजे घाला. गाठ आली तर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये त्वचारोग विभागात दाखवा.

बोंडअळी दिसली की आपण त्याच दिवशी पंप उचलतो. हाताची गाठ मात्र सुगी सरेपर्यंत थांबवतो. वेचणीला जाणाऱ्या बाईची गाठ तर घरात कुणी विचारतही नाही. तपासणी आणि गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यातच मिळाल्या पाहिजेत, ही मागणी आजच्या ठरावात घ्या. आणि घरी गेल्यावर आधी एकमेकांचे हात बघा.