गोलरक्षकाची स्टिक

श्रोतेहो, बर्फावरच्या हॉकीचे नाव आपण ऐकले असेल. कॅनडात हा खेळ घरोघरचा. आपल्याकडे लडाखात, लेहच्या गोठलेल्या तळ्यांवर मुले-मुली तो हौसेने खेळतात. चेंडूऐवजी रबराची कडक, चपटी चकती असते. रुंदी ३ इंच, जाडी १ इंच. गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. त्या गोलापुढे जे पोर उभे राहते, त्याच्या हातातल्या स्टिकविषयी आज बोलायचे आहे.

नव्या मुलाला विचारा, बाळ, तुझे हत्यार कोणते? तो पायांवरची जाडजूड पॅड दाखवील, झेलायचा मोठा हातमोजा दाखवील. स्टिकचे नाव शेवटी! मग एके दिवशी चकती बर्फाला घासत त्याच्या दोन पायांमधून गोलात जाते. सारा संघ त्याच्याकडे बघतो आणि पोर बिचारे मान खाली घालते. शिक्षकांनो, अशा वेळी त्याला बोलू नका. त्याची स्टिक कुठे होती, ते आठवून बघा. बहुधा हवेत असेल.

या स्टिकचा दांडा खालच्या अंगाला फळीसारखा रुंद असतो. रुंदी सुरू होते तिथेच ती एका हाताने धरायची. पाते बर्फावर सपाट टेकलेले, आणि पायांच्या पुढे वीतभर. वीतभर कशाला, म्हणाल? पाते पायाला चिकटून असले, तर चकती आदळताच त्याला मागे सरायला जागा उरत नाही. चकती उसळते ती थेट प्रतिपक्षाच्या पुढ्यात. जागा ठेवली म्हणजे पाते किंचित मागे येते, मार पचवते. आणि नुसते अडवून भागत नाही बरे का. पाते जरा तिरपे करून चकती कोपऱ्याकडे वळवावी लागते.

थोरल्याची स्टिक धाकट्याला देऊ नये. काटकसर मलाही कळते. पण रुंद भाग लांब पडला की मुलाचा हात वर ढकलला जातो, पात्याचे एक टोक उचलते आणि खाली फट पडते.

सरावाला बर्फच हवा असे नाही. ओसरीवर मुलाला उभे करा, दहा पावलांवरून टेनिसचा चेंडू घरंगळत सोडा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सरकताना, गुडघ्यांवर बसताना पाते जमीन सोडते का, एवढेच बघा. सोडतेच! पुष्कळ दिवस सोडते.

आता धाडसाची गोष्ट. टोरंटोचा जॉनी बॉवर तीत नामांकित होता. १९२४ साली सस्कॅचेवान प्रांतातल्या प्रिन्स अल्बर्ट गावी, गरीब घरात त्याचा जन्म झाला. झाडाच्या वाकड्या फांदीची स्टिक आणि जुन्या गादीची पॅड घेऊन तो खेळू लागला, असे सांगतात. टोरंटोच्या संघात आला तो १९५८ साली, तिशी उलटल्यावर. आणि पुढे त्या संघाबरोबर ४ वेळा स्टॅन्ली कप जिंकला.

त्याचा डाव असा. प्रतिपक्षाचा गडी एकटाच चाल करून आला, की मूठ दांड्यावरून सरकवत शेंड्याशी न्यायची, झेप घ्यायची आणि पात्याने चकती त्याच्या पुढ्यातून ढोसून काढायची. हात आधी पुढे केला तर गडी सावध होतो. त्याची नजर खाली गेली, चकती टप्प्यात आली, तोच क्षण. चुकले तर आपण आडवे आणि गोल मोकळा! म्हणून पोराला हा डाव शिकवावा, पण पाते जमिनीवर ठेवायची सवय अंगी मुरल्यावर. बॉवर बहुतेक कारकीर्द उघड्या तोंडाने खेळला. आज मात्र तोंडावर जाळी असल्याखेरीज हा सराव मुळीच करू देऊ नका.

आणि दांड्याच्या शेंड्याला चिकटपट्टीचे वेढे देऊन जाड गाठ करून घ्या. मूठ सरकत तिथवर गेली की गाठीला अडते, आणि स्टिक हातातून निसटत नाही.