गिटारीची घोडी व गायकांचीं बोटें
(ज्युबिलीनिमित्त गायकवृंदापुढें केलेलें भाषण)



आमचा विषय आज उपासनेचा नव्हे, वाद्याचा आहे. तरी तो क्षुल्लक मानूं नये. हौसेनें गिटार हातीं घेणारीं मुलेंमुली थोड्याच दिवसांत ती खुंटीस टांगतात, आणि आपण म्हणतों, ‘यांस चिकाटी नाहीं.’ आमच्या मतें पुष्कळदां दोष चिकाटीचा नसून तारांच्या उंचीचा असतो.

आपल्याकडील हलगीवाला हलगी शेकल्यावांचून मिरवणुकींत उतरत नाहीं. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचीही जवारी काढावी लागतेच. मग गिटारीनेंच काय पाप केलें कीं दुकानांतून आणली तशीच वाजवावी?

प्रथम बाराव्या पडद्यापाशीं तारांची उंची मोजावी. पोलादी तारांच्या गिटारींत जाड तार सुमारें अडीच व बारीक तार सुमारें दोन मिलिमीटर वर असावी. अधिक असल्यास आधीं दांडी पाहावी. तारांच्या ओढीनें ती पुढें वाकते. आंत लोखंडी सळई असल्यास तिची किल्ली एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक फिरवूं नये. ही सळई दांडीचा बांक सुधारण्यासाठीं आहे, तारा उतरविण्यासाठीं नव्हे; पुष्कळ जण येथेंच फसतात. तारा उतरवावयाच्या त्या घोडीवरील हाडाच्या पट्टीचा तळ घासून. बाराव्या पडद्यापाशीं एक मिलिमीटर उतरावयाचा तर तळांतून दोन मिलिमीटर काढावे लागतात. जुनी पट्टी जपून ठेवावी व नवी घासावी, कारण घासलेलें हाड परत येत नाहीं. पहिल्याच पडद्यावर बोट दुखत असेल तर वरच्या पट्टीच्या खांचा उथळ असतात. तें काम कारागिरानेंच करावें.

हलक्या तारांनींही आराम पडतो. मात्र नायलॉनच्या तारांच्या गिटारीस पोलादी तारा कदापि लावूं नयेत. त्यांच्या ओढीनें घोडी उखडते.

आपल्या धाराशिव जिल्ह्याची हवा या वाद्यास कठीण आहे. वैशाखांत लांकूड आटून पडद्यांचीं टोकें हातास बोंचतात व तारा खालीं येऊन खरखरतात. श्रावणांत तेंच लांकूड फुगून तारा वर चढतात. यास्तव उन्हाळ्यांतील खरखर ऐकून लगेच पट्टी बदलूं नये. भोकें पाडलेल्या डबींत ओलसर स्पंज घालून ती वाद्याच्या पेटींत ठेवावी, आणि पेटी पत्र्याच्या छपराखालीं ठेवूं नये.

नाताळच्या सरावापूर्वीं सर्वांनीं आपापल्या गिटारी घेऊन यावें. मोजपट्टी व घासकागद आम्ही आणूं.