सुरवंटासकट फुलपाखरू



मुलगी घरभर बागडते तेव्हा तिला आपण कौतुकानं ‘फुलपाखरू’ म्हणतो. त्या शब्दात रंग असतो, नाजूकपणा असतो, कष्ट नसतात. चित्रांतही फुलपाखरू बहुतेक वेळा फुलावर शोभेपुरतं येतं. आज मी अशा एका बाईविषयी बोलणार आहे, जिनं ते सुरवंटासकट रंगवलं.

मारिया सिबिला मेरियन १६४७ साली जर्मनीत फ्रांकफुर्टला जन्मली. सावत्र वडील चित्रकार. त्यांच्या हाताखाली ती शिकली. तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळू लागली. किडे चिखलातून, कुजक्यातून आपोआप उपजतात, असं तेव्हा पुष्कळ जण मानत. ही मुलगी मात्र त्यांना पाला घालायची, कात कधी टाकली, कोश कधी केला, हे टिपून ठेवायची. १६७९ साली तिचं सुरवंटांवरचं पुस्तक निघालं. त्यात एकाच चित्रात अळी, कोश, फुलपाखरू आणि अळी जे झाड खाते तेही. संसार आणि दोन मुली सांभाळून हे काम चाललं होतं.

१६८५च्या सुमारास ती नवऱ्याला सोडून, आई आणि मुलींसह हॉलंडमधल्या एका धर्मपंथाच्या वसाहतीत गेली. तो न्यायला आला. ती गेली नाही. पुढे आम्स्टरडॅमला चित्रांवर पोट भरलं. १६९९ साली, बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन जहाजानं दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला पोचली. तिथले डच मळेवाले तिला हसत. त्यांना साखरेपलीकडे काही दिसत नव्हतं. दोन वर्षांनी ती आजारानं खचून परतली आणि १७०५ साली साठ चित्रांचं पुस्तक काढलं.

त्यातलं एक झाड आपल्या ओळखीचं आहे. शंकासूर! आपल्या अंगणात, कुंपणाला असतो तोच. चित्रात त्यावर अळी आहे, पतंग आहे. सोबतच्या मजकुरात ती लिहिते, की आदिवासी आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलाम बायका याच्या बिया गर्भ पाडायला वापरतात. आपल्यासारखी गुलामी मुलांच्या वाट्याला येऊ नये म्हणून. हे त्यांनीच तिला सांगितलं होतं. (बिया विषारी आहेत, उपाय म्हणून मी हे सांगत नाही.) गुलाम बाईच्या पोटचं मूल मालकाची मालमत्ता होतं. तेव्हा हा नकार नुसता घरातला नव्हता, मळ्याच्या हिशेबालाच दिलेला होता.

शंकासूर युरोपातल्या बागांत पोचला. त्यामागचं बायकांचं ज्ञान मात्र तिथल्या औषधशास्त्रानं घेतलं नाही.

मेरियनचा गौरव उशिरा का होईना झाला. १९९२ साली जर्मनीच्या ५०० मार्कांच्या नोटेवर तिचं चित्र आलं. पण तिनंही गुलाम राबवले. कुऱ्हाडीनं रान तोडून वाट करणारे ते गुलाम, शंकासुराची माहिती देणाऱ्या त्या बायका, तिच्याबरोबर आम्स्टरडॅमला आणलेली आदिवासी बाई, यांपैकी कुणाचंही नाव पुस्तकात नाही.

आपणही पाड्यांवर, वस्त्यांत बायकांशी बोलतो, लिहून घेतो, अहवाल काढतो. वर नाव संघटनेचं असतं. सांगणारीचं नाव घालायचं की गुप्त ठेवायचं, हे आपण तिला विचारतो का? छापलेलं तिला वाचून दाखवतो का? पुढचा अहवाल छापखान्यात जाण्याआधी हे दोन प्रश्न आपण एकमेकींना विचारूया.