मैत्रीचे भांडवल

हस्तिनापुरच्या रंगमंडपात कर्णाला त्याचे कूळ विचारले गेले, तेव्हा दुर्योधनाने भर सभेत त्याला अंगदेशाचा राज्याभिषेक करविला आणि मोबदल्यात केवळ मैत्री मागितली. कर्णाने ती मरणापर्यंत पाळली. परंतु ती चारचौघांत जाहीर करण्यात दुर्योधनाचा हेतू निव्वळ स्नेहाचा नव्हता. अर्जुनाला तोलास तोल असा धनुर्धर आपल्या बाजूस आहे, हे त्याला साऱ्या नगरास दाखवावयाचे होते. तात्पर्य, थोरामोठ्यांच्या मैत्रीचा प्रसिद्धीसाठी उपयोग करण्याची युक्ती आजकालची नव्हे. असा उपयोग कोठवर रास्त आणि कोठून पुढे फसवणूक, एवढाच आज विचारणीय प्रश्न आहे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर १९२१ सालच्या ‘संयुक्त मानापमाना’ची आठवण प्रथम होते. बालगंधर्व हे गंधर्व नाटक मंडळीचे सर्वस्व, तर केशवराव भोसले हे ललितकलादर्शचे. दोघेही गायक नट, दोघांचेही चाहते कट्टर, आणि दोन्ही मंडळ्यांत चुरस मोठी. अशा वेळी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात हे दोघे खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त एकत्र उभे राहिले, बालगंधर्व भामिनीच्या आणि केशवराव धैर्यधराच्या भूमिकेत. तिकिटाचा दर १०० रुपयांपर्यंत चढविला होता, तरी रसिकांची झुंबड उडाली. पुढे तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव ऐन एकतिसाव्या वर्षी निवर्तले. त्यामुळे त्या प्रयोगाची आठवण मराठी मनात अधिकच हळवी होऊन राहिली.

हीही प्रसिद्धीच होती. दोन नावे शेजारी आली म्हणूनच पैसा उभा राहिला. मात्र येथे प्रेक्षकांपासून काहीही लपविलेले नव्हते. दोघे प्रतिस्पर्धी आहेत हे सर्वांस ठाऊक होते, आणि पैसा कोठे जाणार हे आधीच जाहीर होते. रसिकाने शंभर रुपये मोजले ते डोळे उघडे ठेवून.

पुढे १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. तेथेही आडपडदा नव्हता. वाचणाऱ्यास ही जाहिरात आहे हे कळत होते. आता मात्र नट किंवा गायक एकटा येऊन वस्तूची शिफारस करील एवढ्याने भागत नाही; त्याचा स्नेहसंबंधच बाजारात मांडला जातो. थायलंडमध्ये मालिकेत जोडीने काम करणाऱ्या दोन नटांची जवळीक मालिका संपल्यावरही समारंभांत आणि जाहिरातींत चालू ठेवतात. अशा जोडीस तेथील लोक ‘कल्पनेतली जोडी’ अशा अर्थाचे नाव देतात, म्हणजे निदान नावात तरी प्रामाणिकपणा आहे! दक्षिण कोरियात २०२२ साली नट आणि गायक अशा पाच खऱ्याखुऱ्या मित्रांच्या सहलीचाच एक कार्यक्रम केला गेला. मैत्री खरी, आणि तरीही ती विक्रीस ठेवलेली. हा प्रकार सर्वांत विचार करावयास लावणारा आहे.

खऱ्या मैत्रीने पैसा मिळवू नये, असे माझे म्हणणे नाही. दोघे सख्खे भाऊ एकत्र दुकान मांडतात, त्यात गैर काय? गैर आहे ते पाटी झाकून दुकान चालविणे. मित्राने मित्राला सहज भेट दिल्यासारखे दाखवावयाचे आणि त्या सहजतेचे पैसे तिसऱ्याकडून मोजून घ्यावयाचे, यात ग्राहक तर नाडला जातोच, पण ‘सहज’ या शब्दावरचा त्याचा विश्वासही उडतो.

हे ओळखूनच निरनिराळ्या देशांनी नियम केले. दक्षिण कोरियाने १ सप्टेंबर २०२० पासून, तर जपानने १ ऑक्टोबर २०२३ पासून छुप्या जाहिरातींना लगाम घातला. आपल्याकडे ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणारा आणि व्यापारी यांचा आर्थिक किंवा अन्य संबंध लोकांच्या सहज ध्यानात येण्याजोगा नसेल, तर तो उघड सांगणे बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

परंतु कायद्याचा हात प्रत्येक चौकापर्यंत पोहोचत नाही. आमच्या सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावीही वाढदिवसाच्या फलकांवर ‘मित्रमंडळ’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो. मधोमध पुढाऱ्याची भव्य मुद्रा, आणि भोवती टिकलीएवढे पंचवीस-तीस चेहरे. यांतील किती जणांच्या घरी तो पुढारी अडीअडचणीला गेला असेल? फलकावर झळकणारा तरुण आपली ओळख वाढवितो, पुढारी आपला गोतावळा दाखवितो, आणि ‘मित्र’ हा शब्द मात्र दिवसेंदिवस झिजत जातो.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांस माझी विनंती आहे. मुलांना आवडत्या नटांची मैत्री पाहू द्या, तिचे कौतुकही करू द्या. त्यांचा हिरमोड करण्याचे कारण नाही. फक्त त्यांच्या शेजारी बसून एक प्रश्न विचारण्याची सवय लावा : या मैत्रीचा खर्च कोण करतो आहे? उत्तर उघडपणे सांगितलेले असेल तर खुशाल आनंद घ्यावा. नसेल तर खिशावर हात ठेवावा. सुदाम्याने द्वारकेस नेलेले पोहे फडक्यात झाकलेले होते खरे, पण ते संकोचाने. त्याखाली कोणाची जाहिरात नव्हती. एवढा भेद ज्या मुलास उमगला, त्याला बाजार सहसा फसवू शकणार नाही.