‘संजीवक’ या शब्दाविषयी



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल मी परिषदेचा ऋणी आहे. वर्षभराच्या संशोधनाचा आढावा घेण्याची प्रथा आज बाजूला ठेवतो, कारण फार दिवस मनात साठलेली एक तक्रार मांडायची आहे. वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकांना आपण ‘संजीवक’ म्हणतो, आणि या एका शब्दाने आपले बरेच नुकसान केले आहे.

शब्द कानी पडताच संजीवनी आठवते. थेंब पडला की प्राण येणार, जास्त पडला की जास्त येणार! जिबरेलिनची ओळख मात्र जगाला एका रोगातून झाली. भाताची रोपे भराभर उंच होऊन कोलमडायची. ही किमया बुरशीच्या स्रावाची आहे, हे संशोधक कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवले. पेशी असे संप्रेरक ओळखते कशी, हे कळायला पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. 2005 मध्ये ऑक्झिन या दुसऱ्या संप्रेरकाचे ग्राही प्रथिन टीआयआर-1 आणि भातातले जिबरेलिनचे ग्राही जीआयडी-1, दोन्ही उजेडात आली. वाढीची जनुके पेशीत असतातच, पण काही प्रथिने त्यांना दाबून धरतात. संप्रेरक ग्राहीला चिकटले की या दाबणाऱ्या प्रथिनांवर नाशाची खूण बसते आणि पेशीच त्यांचे तुकडे करते. संप्रेरक हा अडसर काढण्याचा निरोप आहे. निरोपानंतर काय घडायचे, ते ऐकणारी पेशी ठरवते.

हा शब्दच्छल वाटत असेल, तर हरितक्रांतीची दोन बुटकी पिके शेजारी ठेवून पाहा. आयआर-8 भातात जिबरेलिन तयार करणारे एक विकर निकामी आहे. बाहेरून फवारा दिला की तो उंच वाढतो. नोरिन-10 पासून आलेल्या गव्हात जिबरेलिनची कमतरता नाही. तिथे दाबणारे डेला प्रथिनच असे बदलले आहे की निरोप येऊनही ते हटत नाही, म्हणून त्याच फवाऱ्याला तो गहू फारशी दाद देत नाही. द्राक्षवेलीत तर एकाच झाडावर हा फरक दिसतो. फुलोऱ्यात दिलेले जिबरेलिन मण्यांची विरळणी करते, मणी धरल्यावर दिलेले तेच जिबरेलिन मणी फुगवते. डेला बदललेल्या एका बुटक्या वेलीवर तर बाळ्यांच्या जागी घड लागतात, हे 2002 मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

आक्षेप येतो की ग्राही प्रथिनाचे नावही न ऐकलेला बागायतदार उत्तम माल काढतो. काढतो, हे खरेच. थॉमसन किंवा तास-ए-गणेश या द्राक्षजातींसाठी कोणत्या अवस्थेत काय द्यायचे, हे वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून पक्के झाले आहे. म्हणजे ऐकणाऱ्या पेशीची दखल त्या वेळापत्रकात आधीच घेतलेली आहे. नवी जात लावून जुनेच वेळापत्रक चालवले की ती दखल सुटते, आणि ‘संजीवक’ म्हटल्यावर सुचणारा उपाय एकच असतो, मात्रा वाढवणे. मात्रेला महत्त्व नाही, असे मी म्हणत नाही. पण खोड लांबवणारी ऑक्झिनची मात्रा मुळाची वाढ रोखते, तेव्हा ‘योग्य मात्रा किती’ हा प्रश्न ‘कोणत्या अवयवाला’ हे विचारल्याशिवाय पुराच होत नाही. शब्द रूढ झाला आहे, हा शेवटचा बचाव. पण त्या रूढीने आंब्याला दिले जाणारे पॅक्लोब्युट्राझोलही अनेकदा संजीवकांत ढकलले आहे, आणि ते तर झाडात जिबरेलिन तयार होणेच रोखते.

पाठ्यपुस्तके, परिभाषा आणि फवारणीची वेळापत्रके या तिन्हींत दुरुस्ती हवी. तपशील आपण बैठकांत ठरवू. आज मागणी एवढीच, की परिषदेच्या पुढच्या पुस्तिकेत ‘संजीवक’ काढून ‘संप्रेरक’ छापावे, आणि प्रत्येक मात्रेशेजारी पिकाची जात व अवस्था लिहावी.