खालाच्या गळ्यातली गाठ
(मंगरूळपीर येथे तरुणांपुढे केलेले भाषण)



साखर आणि बीपीवर बोला, असं मला सांगितलं होतं. पण मी थायरॉइडच्या गाठीवर बोलणार आहे. माझ्या खालाच्या गळ्यातली गाठ सहा वर्षं ओढणीखाली राहिली. "आधी मुलीचं जमू दे, मग दाखवू." गाठ आईच्या गळ्यात आणि काळजी मुलीच्या स्थळाची! हे आपल्या घरांत नवीन नाही.

शेवटी दाखवलं. सुईने पेशी काढून तपासल्या, कॅन्सर नव्हता. घरात पेढे आले. थायरॉक्सिनची गोळीही आली, "गाठ विरघळेल" म्हणून. रक्तातला टीएसएच तर मुळातच नॉर्मल होता. गोळी दोन वर्षं चालली, मधे तपासणी एकदाही नाही. मग छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडालेली. कुणी म्हणालं नजर लागली. रक्त तपासलं तेव्हा टीएसएच जवळजवळ शून्य. गाठ होती तेवढीच.

ही गोळी देण्यामागे एक विचार होता. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडते. ते थायरॉइडला कामाला लावतं आणि वाढवतंही. बाहेरून हार्मोन दिलं की पिट्युटरी हात आखडता घेते, मग गाठीचं खतपाणी तुटेल, असा हिशोब. आयोडीन कमी असलेल्या भागांत काही गाठी थोड्या आटतातही. पण बऱ्याच गाठी दाद देत नाहीत, आणि आटलेल्या गाठी गोळी थांबली की पुन्हा वाढू शकतात. टीएसएच दाबून ठेवायचा म्हणजे अंगात हार्मोन जास्त ठेवायचं. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, पाळी गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ होतात. म्हणून आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या लोकांत साध्या गाठीसाठी हा उपचार सरसकट करू नये, असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने 2015 मध्ये सांगितलं. आपल्याकडे गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम 1962 पासून आहे, आणि खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला 2006 पासून देशभर बंदी आहे. तरी पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का, ते बघून घ्या.

आता घरी जाऊन अम्मीची गोळी फेकू नका! थायरॉइड कमी काम करत असेल तर हीच गोळी लागते, बहुतेकांना आयुष्यभर. रमजानमध्ये ती सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. सहेरीच्या अर्धा-एक तास आधी, किंवा रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी ती घेता येते. वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

गोळी गाठीसाठी असेल, तर अम्मीबरोबर तुम्ही जा. ती विचारणार नाही, तुम्ही विचारा: टीएसएच किती, सोनोग्राफीत गाठ केवढी, गोळी नेमकी कशाला, पुन्हा तपासणी कधी? गाठ भराभर वाढली, आवाज बसला, गिळायला त्रास झाला, तर स्थळाची वाट बघू नका.

खालाची गोळी डॉक्टरांनी बंद केली. धडधड काही आठवड्यांत ओसरली. गाठ अजून आहे, ठरल्या वेळी सोनोग्राफी होते. माझ्या बहिणीचं लग्नही झालं, गाठीबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता तुमचे प्रश्न. मागे बसलेल्या मुलींपासून सुरू करू.